लोफोटेनला रोरबूत राहायचं असेल तर मार्चमध्ये जा

नॉर्वेला येणारे आपले बहुतेक लोक जून-जुलैत लोफोटेनला, म्हणजे उत्तर नॉर्वेतल्या बेटांवर जातात, मध्यरात्रीचा सूर्य बघायला. बघा की, छानच असतो. पण रोरबूत राहायचं असेल तर माझं मत मार्चला. रोरबू म्हणजे तिथल्या रेने गावाच्या फोटोंत दिसतात ना, त्या लाल लाकडी खोल्या, अर्ध्या खडकावर नि अर्ध्या पाण्यातल्या खांबांवर.

ह्या काही हौसेने बांधलेल्या नाहीत. जानेवारी ते एप्रिल कॉड मासा बॅरेन्ट्स समुद्रातून इथे अंडी घालायला येतो, त्याच्यामागे लांबलांबून माणसं होड्या वल्हवत यायची, त्यांना टेकायला छप्पर हवं म्हणून ११२० च्या सुमाराला नॉर्वेच्या राजा ऑयस्टाइनने लोफोटेनमधल्या काबेलवोगजवळ अशा खोल्या बांधल्या असं सांगतात. एका बाकड्यावर दोन-दोन माणसं, ओले कपडे, जाळी, आमिष, सगळं तिथेच. नुसफ्योर्डसारख्या गावात तर धक्का, दुकान, खोल्या सगळं एकाच मालकाचं, आणि मासळीही त्यालाच घालायची (सावकार कुठलाही असो, हिशोब तोच!). पुढे मोठ्या मोटरबोटी आल्या, लोक बोटीतच झोपायला लागले, खोल्या रिकाम्या पडल्या आणि मग आपण टुरिस्ट आलो. आता आत हीटर, वायफाय, कॉफी मशीन, भाडं मात्र विचारू नका.

बुक करताना खोली कधीची आहे ते विचाराच, कारण काल बांधून लाल रंग फासला तरी तिला रोरबूच म्हणतात. जुनीत छत बुटकं, जिना अरुंद, पण मजा त्यातच आहे.

आणि मार्च का, तर तेव्हा गाव कामात असतं. लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या शेपटीला बांधून टांगलेल्या, मीठ-बिठ काही नाही, थंडी शून्याच्या आसपास म्हणून मासा सडतही नाही आणि कडक गोठतही नाही, मेपर्यंत नुसता वारा खात सुकतो. आपल्याकडे वेसाव्याला बोंबील सुकतात तसंच, फक्त इथे बर्फ. नवऱ्याने नाकाला रुमाल लावला, मला तर भूक लागली. सुका मासा बराचसा इटलीला जातो, मुंडकी वेगळी सुकवून नायजेरियाला, आणि जिभा कापायचं काम शाळकरी पोरांचं, त्याचे पैसे त्यांना मिळतात, चांगले मिळतात म्हणे. शिवाय रात्री अंधार असतो, आकाश मोकळं असलं तर नॉर्दर्न लाइट्स बोनस.

हळद-तिखट घरून न्या, ताजा कॉड तिथे मिळतो आणि खोलीत किचन असतं. मुख्य भूमीवरच्या बोडोहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसची फेरीबोट तीन-साडेतीन तासांची आहे, समुद्र खवळलेला असेल तर उलटीची गोळी आधीच घ्या, नंतर घेऊन काही उपयोग होत नाही.