एडमंटन ऑइलर्स: संघ कसा बांधला, कसा विस्कटला

कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्स या आइस हॉकी संघाच्या नावावर पाच स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगची पाच विजेतेपदं, आहेत: १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९०. पहिल्या चारांबरोबर वेन ग्रेट्स्कीचं नाव येतं आणि ते योग्यच आहे. मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो पाचवा, ग्रेट्स्की दुसऱ्या संघात गेल्यानंतरचा. तो कसा आला हे नीट पाहिलं की पुढे हाच क्लब इतकी वर्षं का चाचपडत राहिला तेही कळतं.

१९७२ मध्ये एनएचएलला टक्कर द्यायला वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग निघाली. तिच्यात हा क्लब ‘अल्बर्टा ऑइलर्स’ म्हणून उतरला. सामने एडमंटन आणि कॅल्गरीत वाटून खेळायचा बेत होता. तो बारगळला आणि १९७३ मध्ये नावात एडमंटन आलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये इंडियानापोलिस रेसर्सने पैशांच्या ओढाताणीत १७ वर्षांच्या ग्रेट्स्कीला एडमंटनचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांना विकलं. २६ जानेवारी १९७९ ला, त्याच्या अठराव्या वाढदिवशी, बर्फाच्या मधोमध टेबल मांडून २१ वर्षांच्या करारावर त्याची सही घेतली गेली. त्याच वर्षी ती लीग बंद पडली आणि एडमंटन, विनिपेग, क्वेबेक व हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये आले. अटी कडक होत्या. प्रत्येकाला दोन गोली (गोलरक्षक) आणि दोन इतर खेळाडू एवढेच राखता येणार होते, आणि ड्राफ्टमध्ये या चौघांना रांगेच्या शेवटी उभं केलं गेलं.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. कोवळ्या वयाचे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात, आणि आदल्या मोसमात तळाला राहिलेल्यांची पाळी सहसा आधी येते. त्यामुळे शेवटच्या पाळीवाल्याला फक्त पारख वाचवू शकते. ती पारख मुख्य स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, बॅरी फ्रेझर यांच्याकडे होती. १९७९ मध्ये एडमंटनने २१व्या क्रमांकावर बचावपटू केव्हिन लो घेतला. क्लबचा एनएचएलमधला पहिला गोल त्याचाच. ४८व्या क्रमांकावर मार्क मेसिए आला. तो इतका खाली कसा? आदल्या मोसमात ५२ सामन्यांत त्याचा एकच गोल होता, आणि आकडे बघणाऱ्यांना तेवढंच दिसलं. ६९व्या क्रमांकावर ग्लेन अँडरसन. १९८० मध्ये पॉल कॉफी सहावा, फिनलंडचा यारी कुरी पुन्हा ६९वा, तर गोली अँडी मूग चक्क १३२वा. १९८१ मध्ये गोली ग्रँट फ्युर आठवा. यातले लो, मेसिए, अँडरसन, कॉफी, कुरी आणि फ्युर असे सहा जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये (हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेले. तीन ड्राफ्टमधून सहा! या खेळात इतकी भरघोस निवड दुसऱ्या कुणाची मला तरी ठाऊक नाही.

प्रशिक्षक आणि व्यवस्थापक ग्लेन सेथर यांनी या पोरांना मोकळं सोडलं. तेव्हाचे बरेचसे संघ आपापल्या पट्ट्यात वरखाली करत. एडमंटनचे आघाडीवीर युरोपियन पद्धतीने एकमेकांच्या वाटा कापत जात. कॉफी बचावपटू असूनही पहिल्या लाटेबरोबर पुढे धावायचा. १९८५-८६ मध्ये त्याने ४८ गोल केले. बचावपटूचा एका मोसमातला तो विक्रम अजून टिकून आहे. ग्रेट्स्की प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळीच्या मागे जाऊन उभा राहायचा. ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे. पक (खेळायची रबरी चकती) जाळीमागे असताना गोलीला मान वळवून बघावं लागतं, बचावपटूची नजर ग्रेट्स्कीवर खिळते, आणि समोरून मोकळा येणारा कुरी दोघांच्याही नजरेतून सुटतो. बचावपटू मागे धावला तर ग्रेट्स्की जाळीच्या दुसऱ्या बाजूने निसटणार. नाही धावला तर त्याला पास द्यायला हवा तेवढा वेळ मिळणार. १९८१-८२ पासून सलग पाच मोसम ऑइलर्सनी चारशेच्या वर गोल केले, १९८३-८४ मध्ये ८० सामन्यांत ४४६. दुसऱ्या कुठल्याही संघाने एनएचएलमध्ये कधीही ४०० गाठलेले नाहीत. दोन्हीकडचा एकेक खेळाडू शिक्षेवर (काही मिनिटं बाहेर) गेला की मोकळ्या बर्फावर चार विरुद्ध चार खेळताना एडमंटन गोलांचा पाऊस पाडायचं. १९८५ मध्ये लीगने नियमच बदलला: अशा जोडशिक्षेत बदली खेळाडू उतरवून पाच विरुद्ध पाचच खेळायचं. १९९२ मध्ये तो बदल मागे घेतला, तेव्हा ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला होता.

पण नुसत्या गोलांवर कप मिळत नाही. एप्रिल १९८२ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध प्लेऑफमध्ये ५-० ची आघाडी घेऊन ऑइलर्स ६-५ ने हरले आणि नंतर मालिकाही गमावली. १९८३ च्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क आयलंडर्सनी ४-० ने धुतलं. पुढच्या वर्षी त्याच आयलंडर्सविरुद्ध पहिला सामना त्यांच्या घरी १-० ने जिंकला. फ्युरने सगळं अडवलं आणि एकमेव गोल केव्हिन मॅकलेलंड या चौथ्या फळीतल्या, म्हणजे सगळ्यात कमी वेळ उतरवल्या जाणाऱ्या, खेळाडूने केला. चारशे गोलांच्या संघाचा पहिला कप अशा सामन्यापासून सुरू झाला, हे विसरता कामा नये. मालिका ४-१.

१९८६ चा कप मात्र एका पासमध्ये गेला. कॅल्गरीविरुद्ध सातवा सामना, तिसऱ्या सत्रात २-२. नवखा बचावपटू स्टीव्ह स्मिथ स्वतःच्या जाळीशेजारी उभा होता. त्याने पक समोरून आडवा पलीकडे टाकायला पाहिला. तो फ्युरच्या पायाला मागून लागला आणि थेट जाळीत. आपल्या जाळीसमोरून आडवा पास द्यायचा नाही हे लहान मुलांनाही शिकवतात, ते याचसाठी. त्या दिवशी स्मिथचा तेविसावा वाढदिवस होता. १९८७ मध्ये फिलाडेल्फियाला सात सामन्यांत हरवल्यावर कर्णधार ग्रेट्स्कीने कप हातात घेतला आणि सगळ्यात आधी स्मिथकडे दिला.

९ ऑगस्ट १९८८ ला, चौथा कप जिंकून तीन महिनेही झाले नसताना, पॉकलिंग्टन यांनी ग्रेट्स्कीला मॅक्सॉर्ली आणि क्रुशेल्निस्की या सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिसला दिलं. बदल्यात जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे खेळाडू, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि दीड कोटी डॉलर रोख आले. शहर हळहळलं, आणि पुढच्याच वसंतात प्लेऑफमध्ये ग्रेट्स्कीच्या किंग्जनी ऑइलर्सना घरी पाठवलं.

इथून पुढे सेथर यांचं खरं कसब दिसतं. कार्सनला एडमंटन मानवलं नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन त्यांनी पेत्र क्लिमा, जो मर्फी आणि अॅडम ग्रेव्ह्ज आणले. जेलिना, मर्फी, ग्रेव्ह्ज ही तरुण त्रिकुटाची फळी तिथूनच जमली. कराराच्या भांडणातून कॉफी १९८७ मध्येच पिट्सबर्गला गेला होता. त्याच्या बदल्यात आलेला क्रेग सिम्पसन १९९० च्या प्लेऑफमध्ये १६ गोल करून सगळ्यांत पुढे राहिला. दुसऱ्या क्रमांकाचा गोली म्हणून बसून राहायला मूग तयार नव्हता. त्याला बॉस्टनला पाठवून बिल रॅनफर्ड आणला होता. फ्युर दुखापतग्रस्त झाल्यावर १९९० मध्ये जाळी सांभाळली ती रॅनफर्डने, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

त्या वर्षी पहिल्याच फेरीत विनिपेगविरुद्ध ते १-३ असे मागे होते, तिथून ४-३ ने सुटले. मग किंग्जना ४-० ने हरवून आदल्या वर्षीची परतफेड केली. अंतिम मालिका बॉस्टनविरुद्ध, पलीकडच्या जाळीत मूग. पहिला सामना तिसऱ्या जादा सत्रापर्यंत गेला. बराच वेळ बाकावर बसवून ठेवलेला क्लिमा ताज्या पायांनी उतरला आणि त्याने मूगच्या पायांमधून पक आत सारला. ३-२. जादा वेळेचा ५५वा मिनिट संपून १३ सेकंद झाले होते. अंतिम मालिकेतला तो सगळ्यात लांबलेला सामना आहे. मालिका ४-१ ने एडमंटनची. गेलेल्या प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या मोबदल्यात आलेलं माणूस त्या संघात कामी येत होतं.

आणि त्याच १९९० च्या जूनमध्ये एडमंटनने ड्राफ्टमध्ये ११ खेळाडू निवडले. त्यातला एकही एनएचएलचा एक सामनासुद्धा खेळला नाही. विहीर आटली ती इथे. ग्रेट्स्कीच्या बदल्यात मिळालेली शेवटची निवड १९९३ मध्ये निक स्टायडुहारवर खर्च झाली. तो एनएचएलमध्ये दोन सामने खेळला. कुरी इटलीला गेला, फ्युर आणि अँडरसन टोरांटोला, मेसिए न्यूयॉर्कला. तिकिटांचे पैसे कॅनडियन डॉलरमध्ये यायचे आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागायचे. पगारावर कमाल मर्यादाही नव्हती. १९९३ पासून सलग चार वर्षं प्लेऑफ हुकला. १९९८ मध्ये क्लब ह्यूस्टनला जाण्याच्या बेतात होता, तेव्हा स्थानिक गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन तो विकत घेतला.

२००५ मध्ये पगारमर्यादा आली आणि त्याच मोसमात आठव्या मानांकनावरून ऑइलर्स अंतिम मालिकेत पोचले. कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोली ड्वेन रोलोसन जखमी झाला. थंड बसलेल्या बदली गोलीकडून जाळीमागे कर्णधाराला पास देताना गोंधळ झाला आणि तीन गोलांची आघाडी घेतलेला सामना जेमतेम अर्धं मिनिट उरलं असताना ५-४ ने गेला. सातव्या सामन्यात कपही गेला. उन्हाळ्यात बचावाचा कणा असलेल्या ख्रिस प्रोंगरने बदली मागून घेतली आणि पुढची दहा वर्षं प्लेऑफचं दर्शन नाही.

या काळात एडमंटनला ड्राफ्टची पहिली निवड तीनदा लागोपाठ मिळाली: २०१० टेलर हॉल, २०११ रायन न्यूजेंट-हॉपकिन्स, २०१२ नेल याकुपोव. तिघेही आघाडीवीर. बचावफळी कच्ची, गोली बदलते, प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी नवा, आणि अठरा वर्षांची पोरं थेट मोठ्या लीगमध्ये उतरवलेली. १९७९ मध्ये ४८ आणि ६९ क्रमांकांवर जे साधलं ते इथे पहिल्या क्रमांकावर तीनदा साधलं नाही. क्रमांक नशिबाने मिळतो. खेळाडूभोवतीची माणसं क्लबला जमवावी लागतात.

२०१५ मध्ये पहिली निवड चौथ्यांदा मिळाली आणि कॉनर मॅकडेव्हिड आला. आदल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर लिऑन ड्रायसाइट्ल मिळाला होताच. २०२२-२३ मध्ये मॅकडेव्हिडने १५३ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवले आणि संघाचा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना एक माणूस जास्त घेऊन खेळणं, ३२.४ टक्के वेळा गोल देऊन गेला, लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम. त्याची मांडणी बघण्यासारखी: डावखुरा ड्रायसाइट्ल बर्फावर आखलेल्या उजव्या वर्तुळाच्याही खाली, जवळजवळ गोलरेषेला खेटून, जिथून बहुतेकांना जाळी दिसतच नाही, झॅक हायमन गोलीच्या डोळ्यांसमोर, डावीकडे न्यूजेंट-हॉपकिन्स, आणि मॅकडेव्हिड सतत फिरता. गोली एका खांबाला चिकटला की दुसरी बाजू उघडी पडते.

२०२३-२४ ची सुरुवात १३ सामन्यांत फक्त तीन विजयांनी झाली. प्रशिक्षक बदलून क्रिस नोब्लॉख आले, मग संघाने सलग १६ सामने जिंकले. विक्रमाला एक कमी. फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध अंतिम मालिकेत ०-३ वरून ३-३ केलं आणि सातवा सामना २-१ ने हरले. हरलेल्या संघात असूनही कॉन स्मिथ मॅकडेव्हिडला मिळाली. २०२५ मध्ये पुन्हा फ्लोरिडा, यावेळी २-४. हायमन मनगटाच्या दुखापतीने बाहेर होता आणि मालिकेत दोन गोली आलटून-पालटून वापरावे लागले. चौथ्या सामन्यात ०-३ वरून जादा वेळेत ५-४ असा जिंकलेला संघ पुढच्या दोन सामन्यांत मिळून तीनच गोल करू शकला. पहिल्या दोन फळ्या अडल्या की तिसरी-चौथी फळी गोल आणत नव्हती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकडेव्हिडने दोन वर्षांचा नवा करार केला, वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर. आठ वर्षांपूर्वीच्या कराराइतकाच आकडा, तोही लीगची पगारमर्यादा ९ कोटी ५५ लाखांवर गेलेली असताना. त्याला यापेक्षा कितीतरी जास्त मागता आलं असतं. उरलेले पैसे गोली आणि खालच्या फळ्यांसाठी आहेत, आणि ते खर्च करायला क्लबकडे २०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत मुदत आहे.