देवगड ते वेंगुर्ला खासगी बोटीने: नाताळच्या सुट्टीत निघणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सुट्टीच्या तारखा बघून बोट ठरवू नका, तिथी बघून ठरवा, कारण भरती-ओहोटी तिथीवर चालते. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. याच एका गोष्टीवर आमची फसवणूक झाली. बोट ठरवून देणाऱ्या एजंटाने 'डिसेंबरात समुद्र तळ्यासारखा असतो, कधीही या' असं सांगितलं होतं. सकाळी आठला ते खरं असतं, दुपारी तीनला कर्ली नदीच्या मुखाशी ते धादांत खोटं असतं.

उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला बोटीतून फिरलेल्यांनी तो अनुभव इथे धरू नये. उजनीला भरती-ओहोटी नाही, लाट नाही, आणि इंजिन बंद पडलं तरी बोट कुठल्यातरी काठाला लागते. इथे इंजिन बंद पडलं की सकाळचा वारा बोट सरळ खोल समुद्राकडे नेतो.

आधी वाऱ्याचं गणित. हिवाळ्यात पहाटेपासून साधारण दहापर्यंत जमिनीकडून मतलई वारा वाहतो. तो किनाऱ्याजवळ पाणी सपाट ठेवतो. अकरा-बारानंतर वारा फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दोन ते पाचमध्ये त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. लाट फार उंच नसते, पण आखूड आणि खडी असते, आणि हलक्या फायबरच्या बोटीला तीच लाट आपटते. म्हणून सातला निघायचं आणि बाराच्या आत पुढच्या बंदरात शिरायचं (कर्लीच्या मुखाचं गणित वेगळं, ते पुढे येईल). डिसेंबरअखेर तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेसहाला माणसं जेटीवर आणि सामान बोटीत हवं. 'नाश्ता करून निघू' म्हणणाऱ्याला गाडीने पाठवा.

याच कारणाने प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा: देवगड, मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्ला. वायव्येचा वारा पाठीशी राहतो. उलट दिशेने निघालात तर दर दुपारी तोंडावर पाणी घेत जाल. देवगड ते मालवण सुमारे २० सागरी मैल, म्हणजे ३६-३७ किलोमीटर आहे. ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डची, म्हणजे मागे बाहेर बसवलेल्या इंजिनाची बोट माणसं-सामानासह १० नॉटने (तासाला १० सागरी मैल) चालली तर दोन तास लागतात. मालवण ते वेंगुर्ला त्याहून कमी आहे. अंतर हा या मार्गाचा प्रश्नच नाही, प्रश्न खाडीच्या मुखांचा आहे.

मालवण ते तारकर्ली हा टप्पा सोपा आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त किनाऱ्याला चिकटून जाऊ नका. तिथे रापण लावलेली असते. जाळं किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात समुद्रात गेलेलं असतं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचे तरंगणारे बोये दिसत नाहीत. बोयांच्या बाहेरूनच वळसा घ्या. पंख्यात जाळं अडकलंच तर इंजिन बंद करून वर उचला आणि पंखा हाताने उलटा फिरवून सोडवा. सुरी शेवटी. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे, कापलंत तर भरपाई देऊनच पुढे जा.

आता कर्ली नदीचं मुख. एका बाजूला देवबागची चिंचोळी वाळू, समोर भोगव्याचा किनारा, आणि मधल्या अरुंद वाटेने सगळ्या खाडीचं पाणी ये-जा करतं. मुखाबाहेर पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे आणि तो दर पावसाळ्यात जागा बदलतो. त्यामुळे गेल्या वर्षी कुणीतरी मोबाइलवर नोंदवलेला मार्ग यंदा कुचकामी आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, समोरून वाऱ्याने ढकललेली लाट आत येत असते, आणि या दोघांची गाठ नेमकी उथळ वाळूवर पडते. लाट तिथे आखडते, उभी राहते आणि फुटते. दोनशे मीटरवर समुद्र साधा दिसतो आणि या पट्ट्यात मात्र बोटीचं तोंड वर उचलून खाली आदळतं. आमच्या सगळ्या प्रवासात खरा धोका म्हणावा अशी हीच एक जागा.

आता तिथीचा हिशेब. मुंबई-कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावस्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. मालवणला ती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, त्यामुळे नेमकी वेळ स्थानिक तक्त्यावरूनच घ्या. पण तारखा ठरवायला हा ठोकताळा पुरतो.

याचा अर्थ असा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती दुपारच्या तोंडावर पूर्ण होते आणि तिथून संध्याकाळपर्यंत ओहोटी. ती उधाणाची, म्हणजे पाण्याला ओढ सगळ्यात जास्त. आणि नेमक्या त्याच वेळी खारा वारा जोरात. कर्लीच्या मुखासाठी याहून वाईट जुळणी नाही. अष्टमीच्या आसपास उलट असतं. दुपारी बाराला ओहोटी संपते आणि संध्याकाळपर्यंत पाणी आत येत राहतं. वारा आणि प्रवाह एकाच दिशेचे, भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती असल्याने ओढही कमी. तोटा एकच: भांगाला मुखावर पाणी फार चढत नाही, म्हणून जड बोटीने भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच शिरावं. पण फुटणाऱ्या लाटेपेक्षा कमी पाणी केव्हाही परवडलं. नाताळच्या आठवड्यात अष्टमी येत नसेल तर उधाणाच्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत मुखातून आत शिरा आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर पडू नका.

शिरण्याची रीत. मुखाबाहेर खोल पाण्यात दहा मिनिटं नुसतं थांबा आणि लाटा बघा. त्या गटाने येतात: तीन-चार मोठ्या, मग जरा शांत. पांढरा फेस जिथे सतत फुटतो तिथे वाळू, जिथे पाणी गडद आणि न फुटता आत जातं तिथे वाट. मोठ्या लाटा गेल्या की एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत जायचं. तिला ओलांडून पुढे उतरलात तर तोंड पाण्यात खुपसतं, मागे रेंगाळलात तर पुढची लाट मागून बोटीत येते. मध्येच विचार बदलून वळायचं नाही, कारण आडवी झालेली बोट उलटते. माणसं फळीवर नाही, तळाशी, मधल्या आणि मागच्या भागात बसवा. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, तेही पट्टे आवळलेलं. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, त्याच गावचा हवा. बाहेरच्या बंदराचा कितीही अनुभवी तांडेल इथे चालणार नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि तांडेल 'आज नको' म्हणाला तर आज नको. पैसे भरलेत म्हणून त्याच्यावर जोर करणारा माणूस गटात असेल तर त्याला किनाऱ्यावरच ठेवा.

आभाळ निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही. हिवाळ्यात पर्शियन आखाताकडे शमाल वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लांब लाटा एक-दोन दिवसांनी कोकणात पोहोचतात. इथे वारा पडलेला असतो आणि खाडीच्या मुखावर मात्र लाट फुटत असते. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा निघण्याच्या आदल्या रात्री बघाच. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ याच समुद्रातून वर सरकलं होतं, तेव्हा 'डिसेंबरात वादळ नसतं' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बोट ठरवण्याआधी जेटीवर जाऊन ती डोळ्यांनी बघा. नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या बोटीवर रंगवलेली हवी, आणि मुलंही त्यात मोजायची. मेरीटाईम बोर्डाच्या परवान्यात बोट कुठल्या क्षेत्रात चालवायची ते लिहिलेलं असतं. किल्ला दाखवायचा परवाना असलेली बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेता येईल असं गृहीत धरू नका, कागद मागा. जॅकेट घालून खांद्यापाशी दोन्ही हातांनी वर ओढा, ते कानापर्यंत सरकलं तर निरुपयोगी. लहान मुलांचं जॅकेट सोलापुरातूनच घेऊन निघा, जांघेतून जाणारा पट्टा असलेलं. जेटीवर त्या मापाची मिळत नाहीत. नांगराचा दोर मोजा. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडावा लागतो, म्हणजे चार मीटर पाण्यात किमान २० मीटर. पुष्कळ बोटींवर दहा-बारा मीटरचा तुकडा असतो आणि मग वाळूत नांगर धरत नाही.

इंजिन सुरू करायला लावा आणि मागे बघा. आउटबोर्डच्या बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची पिचकारी सतत पडत असते, करंगळीएवढी, जोरकस. थंड करणारं पाणी इंजिनातून फिरतंय याची ती खूण. ती बारीक झाली, तुटक झाली किंवा तिच्यातून वाफ यायला लागली तर पाणी आत घेणाऱ्या जाळीत वाळू, शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे किंवा पंपाची रबरी चकती झिजली आहे. पहिलं असेल तर पाच मिनिटांत साफ होतं, दुसरं असेल तर ती बोट नको. वाटेत एका माणसाला मागे बसवून ती पिचकारी बघायचं कामच नेमून द्या, उथळ पाण्यात तर नक्कीच. इंजिन बंद करणारी लाल दोरी तांडेलाच्या मनगटाला बांधलेली हवी. ती हँडलला नुसती गुंडाळून ठेवायची सगळीकडे सवय आहे. तांडेल पाण्यात पडला तर बोट एकटी फिरत राहते, हे त्याला सांगायला संकोच करू नका.

आता पैसे. 'फुल डे' या शब्दावर व्यवहार करू नका. जेटीवर त्याचा अर्थ तीन तास निघतो, आधी माणशी सांगितलेला दर नंतर तासावर जातो, आणि खाडीत थांबलं की 'वेटिंग' लागतं. आमच्याकडून जॅकेटचंही वेगळं भाडं मागितलं गेलं, ते आम्ही दिलं नाही. जॅकेट ही सोय नाही, ती बोट चालवण्याची अट आहे. स्वतः हिशेब करून जा. ४० हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक इंजिन मध्यम वेगाला तासाला १० ते १२ लिटर पेट्रोल पितं, पूर्ण वेगाला त्याहून पुष्कळ जास्त. देवगड-मालवण दोन तास म्हणजे २४ लिटर. बोट रिकामी परत जाणार, तिचे तेवढेच. एकूण ४८ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर ५,०४० रुपये, वर इंजिनात मिसळायचं तेल. त्यावर तांडेल, खलाशी आणि बोटीचं भाडं. इंधनाच्या अडीचपटीपर्यंत मागणी मला रास्त वाटते, चौपट मागितली तर उठा. रिकाम्या परतीचं इंधन मात्र कुरकुर न करता द्या, त्यात लूट नाही. ठरलेलं सगळं कागदावर लिहून घ्या: निघण्याची वेळ, थांबे, एकूण रक्कम, आणि हवामानामुळे रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय. रोख जवळ ठेवा, जेटीवर नेट असेलच असं नाही.

टाकीचा नियम: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. तांडेल हसला तरी कॅनमध्ये डोकावून बघा.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे प्रवाळावर नांगर टाकू देऊ नका, वाळू बघून टाकायला सांगा. मालवण बंदरात शिरताना खडक आहेत, तेव्हा अंधारात शिरणं नाहीच. किल्ल्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

वेंगुर्ला रॉक्स मात्र सोडू नका. मालवणपासून सुमारे १८ किलोमीटर दक्षिणेला, उघड्या समुद्रात खडकांचा समूह आणि त्यावर दीपगृह. पहाटे निवतीहून निघून नऊच्या आत तिथे पोहोचा. गुहांमध्ये पाकोळ्यांची वस्ती आहे, म्हणून गुहेच्या तोंडाशी इंजिन मंद, आवाज बंद. खडकावर उतरायचा हट्ट नको, लाट बोट आपटते. फिरून बघा, तेवढ्याने डोळ्यांचं पारणं फिटतं. सगळ्या किनाऱ्यावर दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल, हे बघाच. साडेदहाला परत फिरायचं, मग डॉल्फिन दिसोत की न दिसोत. आणि 'डॉल्फिन नक्की दाखवतो' म्हणणाऱ्याची बोट घेऊच नका. तो त्यांच्या मागे लागतो, इंधन जाळतो आणि दिवस घालवतो.

सामानात माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तहान कळते, समुद्रावर गार वाऱ्यात कळत नाही आणि दुपारी डोकं धरतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बोटीवर उत्तम, पण भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, दमट हवेत ती तासाभरात वातड होते. सोलापुरी चादर बोटीत नेऊ नका. खारं पाणी एकदा प्यायली की ती सुट्टी संपेपर्यंत ओली राहते. पातळ टॉवेल न्या. बोट लागणाऱ्यांनी ॲव्होमिनची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. शिट्टी, टॉर्च आणि मोबाइलची जलरोधक पिशवी प्रत्येकाकडे हवी. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. पाच-सहा किलोमीटर आत गेलं की मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून व्हीएचएफ रेडिओ असलेली बोट मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. मदतीची हाक चॅनल १६ वर.

रस्ता: सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरी, फोंडाघाट, नांदगाव, देवगड. पहाटे पाचला निघा. दाजीपूरच्या जंगलातून अंधारात जाऊ नका, गवे रस्त्यावर येतात. पोहोचलात त्या दिवशी बोटीत बसू नका. गाडी चालकाबरोबर रस्त्याने पुढे पाठवा, तो रोज संध्याकाळी मुक्कामाच्या गावात भेटेल असं ठरवा आणि बोट वेळेत आली नाही तर कुणाला फोन करायचा हे त्याला लिहून द्या. परतीला सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, निपाणी, कोल्हापूर असं या. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या यात्रेच्या आत घरी पोहोचायचं असेल तर वेंगुर्ल्यात दोन मोकळे दिवस हाताशी ठेवा. समुद्र बिघडला तर ते दोन्ही लागतात.