हा क्रम कशावरून?

गेल्या गुरुवारी कायदा विभागातल्या सहकारी बाईने स्क्रीनवर बोट ठेवून एवढंच विचारलं आणि माझं सहा आठवड्यांचं काम तिथेच थांबलं.

बर्लिनमध्ये मी ज्या कंपनीत आहे तिथे ऑनलाइन शिकवण्या मिळतात. विद्यार्थी विषय टाकतो, शिक्षकांची यादी समोर येते, पटेल त्याच्याबरोबर तो तास ठरवतो. ते यादीचं पान नव्याने करायचं काम माझ्याकडे आहे. शिक्षकाच्या मोकळ्या वेळा थेट कार्डावर, म्हणजे यादीतल्या त्याच्या चौकटीत, आणल्या होत्या, फिल्टर मोबाइलवर अंगठ्याच्या टप्प्यात ठेवले होते, आणि निकाल शून्य आले तर कोणता फिल्टर काढला की किती शिक्षक दिसतील हेही तिथेच सांगितलं होतं. वर क्रम निवडायची पेटी, आणि तिच्यात आधीपासून निवडलेला शब्द 'शिफारस'.

"शिफारस कोणाची?"

"अल्गोरिदमची," मी म्हणाले.

"हे उत्तर नाही झालं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. भारतात असताना अशी पानं मी महिन्याभरात उभी केली आहेत आणि ती नीट चालली आहेत. इथे एका शब्दासाठी बैठक थांबते, टिपण लिहिलं जातं, पुढची तारीख पडते. आपल्याकडची माणसं काम पुढे नेतात आणि इथली अडवतात, असं मी त्या रात्री घरी फोनवर बोललेही.

मग तिने पाठवलेला कायदा वाचला. युरोपियन संघाचा 2019 सालचा एक निर्देश आहे, क्रमांक 2019/2161. त्यानुसार जर्मनीच्या अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्यात झालेला बदल 28 मे 2022 पासून लागू आहे. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या वस्तू किंवा सेवा तुम्ही ग्राहकाला शोधू देत असाल, तर निकालांचा क्रम मुख्यतः कोणत्या गोष्टींवर ठरतो आणि त्यांत कशाला किती महत्त्व आहे हे सांगावं लागतं. तेही निकालाच्या पानावरून सहज पोहोचता येईल अशा जागी. सूत्र उघड करायची सक्ती नाही, साध्या भाषेत लिहिलं तरी चालतं. पैसे घेऊन कोणाला वर आणलं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. शिक्षकाखाली दिसणारे अभिप्राय खरोखर तास घेतलेल्यांचेच आहेत याची खात्री करता का, आणि करत असाल तर कशी, हेही सांगायचं.

चार ओळी लिहायच्या, तासाभराचं काम, असं समजून मी आमच्या एका प्रोग्रामरबरोबर बसले. दोन दिवस गेले. क्रम कशावरून लागतो हे कंपनीत कोणालाच पूर्ण सांगता येत नव्हतं. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी एकेक अट घातली होती आणि ती तशीच राहिली होती.

ताऱ्यांचा भाग समजला, आणि तो चांगलाही होता. दोनच अभिप्राय आणि दोन्ही 5 तारे असलेला शिक्षक, 180 अभिप्राय आणि सरासरी 4.8 असलेल्या शिक्षकाच्या वर जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या खात्यात संपूर्ण साइटच्या सरासरीचे काही अभिप्राय धरले जातात. समजा 4.6 चे दहा धरले. पहिल्याची सरासरी 4.67 होते, दुसऱ्याची 4.79. हे न्याय्य आहे, पण त्यामुळे नवा माणूस तळाशीच राहतो. तळाशी असल्यामुळे त्याला विद्यार्थी मिळत नाहीत आणि विद्यार्थी नाहीत म्हणून अभिप्राय येत नाहीत. म्हणून पहिल्या पानावर काही जागा नव्या शिक्षकांसाठी राखायच्या आणि त्यांच्या कार्डावर 'नवीन' असं लिहायचं ठरलं.

धक्का बसला तो दुसऱ्याच अटीने. सगळ्यात जास्त वजन होतं उत्तर किती लवकर येतं याला. तासाभरात उत्तर देणारा वर, उशीर करणारा खाली. वरवर पाहता यात गैर काही नाही. पण इथले विद्यार्थी शिक्षक शोधतात संध्याकाळी. हिवाळ्यात इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. आमच्याकडे गणित आणि प्रोग्रामिंग शिकवणारे बरेच शिक्षक भारतातले आहेत. ते झोपलेले असताना आमचं पान त्यांना आळशी ठरवत होतं. सकाळी उठल्या उठल्या उत्तर देणारी बाईसुद्धा आमच्या हिशेबात सात तास उशिरा उत्तर देणारी होती.

हे पान मी सहा आठवडे पाहत होते. घड्याळातलं हे अंतर मला तोंडपाठ आहे, रोज घरी फोन करताना मोजते. तरी दिसलं नाही, कारण कार्ड सुंदर करायच्या नादात क्रम हा माझा प्रांतच नाही असं मी धरून चालले होते. तिकडेही तसंच धरलं होतं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही बसून शोधलं असतं, एवढं मात्र मला स्वतःबद्दल ठाऊक आहे. विचारायचं कोणाचं काम नव्हतं. इथे ते एका माणसाचं काम आहे.

आता उत्तराचा वेळ मोजायचा तो शिक्षकाने स्वतः दिलेल्या कामाच्या तासांतच, आणि त्याचं वजन अभिप्रायांच्या खाली.

त्याच बैठकीत मी एक गोष्ट मांडली, आणि ती मात्र माझी. भाषा शिकवणाऱ्यांच्या यादीत 'फक्त मातृभाषा असलेले' असा फिल्टर होता. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली माणसं त्या एका खुणेने यादीतून नाहीशी होतात. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने 2017 मध्ये नोकरीच्या जाहिरातीतल्या 'जर्मन मातृभाषा' या अटीने वंशाच्या कारणावरून भेदभाव होऊ शकतो असं म्हटलं आहे. तो निकाल नोकरीबद्दलचा, शोधाच्या पानाबद्दलचा नाही. आणि युरोपात भाषेच्या पातळ्या ए1 ते सी2 अशा मोजतात, त्या चौकटीच्या 2020 च्या पुरवणीत मातृभाषकाशी तुलना करणारे उल्लेख वर्णनांतून काढून टाकलेत. हे दोन्ही दाखले मी शोधून नेले होते. फिल्टर गेला. त्या जागी भाषेची पातळी, शिकवण्याची पात्रता आणि परीक्षेची तयारी करून घेतात का, हे तीन आले. विद्यार्थ्याला खरं तर एवढंच हवं असतं. काही पालक मातृभाषकच मागतात हे खरं आहे. त्यांना शिक्षकाचा आवाज ऐकता यावा म्हणून कार्डावर तीस सेकंदांची ध्वनिफीत ठेवली आहे.

वाद उरलाय तो त्या चार ओळींच्या जागेचा. त्या तळाशी, एका दुव्यामागे टाकाव्यात असं प्रॉडक्टवाल्यांचं मत आहे, आणि निकालाच्या पानावरून सहज पोहोचता आलं तर कायद्याला तेही पुरतं. मी त्या पहिल्या कार्डाच्या वर ठेवल्या आहेत: "हा क्रम आधी तुमच्या विषयावर आणि वेळेवर ठरतो, मग अभिप्रायांवर, मग शिक्षक आपल्या कामाच्या वेळेत किती लवकर उत्तर देतात त्यावर. पैसे भरून वर आलेल्या कार्डावर 'जाहिरात' असं लिहिलेलं असतं." मंगळवारी पुन्हा बैठक आहे. या वेळी कायदा विभागाकडून जेवढं सांगितलं जाईल त्याहून जास्त मी मागणार आहे.