अमळनेर ते अंदमान: प्रवाळ मोजायला जाण्याआधी

मी अमळनेरचा. पोहायला शिकलो मामांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डालडाचा रिकामा डबा बांधून. समुद्र म्हणजे सहलीला जाऊन बघून यायची गोष्ट. त्यामुळे अंदमानात प्रवाळाच्या (समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या जिवंत कोरलच्या) सर्वेक्षणाला स्वयंसेवक म्हणून दोन आठवडे चाललोय, तेही पदरचे पैसे घालून, हे कळल्यावर आजीने विचारलं, "पैसा दिसन बुडाले जाई ऱ्हायना का रे?"

आजीची शंका तशी रास्त होती. या क्षेत्रात पैसे देऊन बुडण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

मी चार ठिकाणी ईमेल केला आणि सगळ्यांना एकच विचारलं: मागच्या वर्षी स्वयंसेवकांनी जमवलेल्या नोंदींचं पुढे काय झालं, त्या कोणी वापरल्या? एका परदेशी कार्यक्रमाने उत्तरादाखल माहितीपत्रक आणि सवलत पाठवली. दुसरे म्हणाले, प्रवाळ लावा, प्रमाणपत्र घेऊन जा. आता आपल्याकडे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याचा तुकडासुद्धा उचलायला वनखात्याची परवानगी लागते. ती बघायला मागितली, तर पुढे उत्तरच आलं नाही. तिसरे सगळ्यालाच "हो हो, या" म्हणत होते.

चौथ्यांनी नकार दिला. आधी ओपन वॉटर कोर्स (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायचं, म्हणजे स्कूबाचं, पहिलं शिक्षण) करा, वीसेक डाइव्ह करा, मग बोलू. सोबत त्यांच्या आधीच्या नोंदींचा अहवाल होता. दोन दिवस राग होता, मग अहवाल वाचला आणि तीच संस्था पक्की केली. गोल दगडासारखा दिसणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. शिकाऊ माणसाच्या फिनचा (पायात घालायच्या रबरी पंखाचा) एक फटका म्हणजे त्याची कित्येक वर्षं गेली. तुम्हाला लगेच पाण्यात सोडायला जो तयार आहे, त्याला प्रवाळाची काळजी किती, हे तिथेच कळतं.

कोर्स तारकर्लीला केला. जळगावहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे मालवणची एसटी. पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं, म्हणून ऑक्टोबरनंतरचं बघा. कोर्सला न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं नुसतं तरंगणं लागतं. विहिरीवरचे आपण सूर मारण्यात पटाईत, पण शांत पडून राहायचं म्हटलं की हातपाय झाडतो. शिवाय विहिरीत जी शेखी मिरवायची, कोण किती वेळ दम धरतो, तीच इथे जिवावर बेतते. स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. मला हा नियम समजायला एक मिनिट लागलं, अंगात मुरायला चार दिवस.

दमा, कानाचं जुनं दुखणं, हृदयाचं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मला अंदमानला पोहोचताच सर्दी झाली. कान मोकळे होईनात, दोन दिवस बोटीवर बसून काढले.

प्रत्यक्ष काम असं: तळाशी १०० मीटरची टेप अंथरायची. तिच्यावर २० मीटरचे चार तुकडे, मधे पाच-पाच मीटर मोकळे. दर अर्ध्या मीटरवर टेपखाली काय आहे ते पाटीवर लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेला, वाळू, दगड. पेन्सिल पाटीलाच दोरीने बांधा. माझी पहिल्याच दिवशी तरंगत वर गेली. पाण्याखाली वस्तू जवळजवळ एक तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणून माशांची लांबी सांगताना सगळे फसतात. त्यासाठी ठरावीक लांबीचे पीव्हीसी पाइपचे तुकडे खाली टाकून आमची रोज परीक्षा घेतली. चौथ्या दिवशी पास झालो, तेव्हा कुठे माझ्या नोंदी धरायला लागले. त्याआधीचं सगळं रद्द. तुमचा कार्यक्रम अशी परीक्षा घेतो का, हे आधीच विचारा.

आणि निम्मं काम कोरडंच असतं. संध्याकाळी पाटीवरचे आकडे लॅपटॉपवर चढवायचे, दोघांचे जुळले नाहीत तर पुन्हा बसायचं. नुसत्या डाइव्हची हौस असेल तर सरळ पर्यटक म्हणून जा, स्वस्तही पडेल.

आपल्याकडे म्हातारी माणसं '७२च्या दुष्काळावरून वय सांगतात ना, तसे तिथले लोक १९९८, २०१० आणि २०१६ ही समुद्र तापल्याची सालं सांगतात. पाणी तापलं की प्रवाळात राहणारं, त्याला अन्न आणि रंग देणारं शेवाळ निघून जातं आणि तो पांढरा पडतो. ताप टिकला तर मरतो. फांद्यांच्या प्रवाळाचा एक पूर्ण पट्टा मी बघितला, मोडून पडलेला, तूरकाठ्यांच्या ढिगासारखा. त्या टेपवर ओळीने 'मेलेला' लिहिताना हात जड झाला होता.

शुल्कात बोट, सिलिंडर, भाड्याचं साहित्य आणि डायव्हिंगचा विमा आहे का, हे लिहून घ्या. घरून शेंगदाण्याची चटणी न्या, पण बोटीच्या सकाळी ठेचा खाऊ नका. उलटीची गोळी घेणार असाल तर प्रशिक्षकाला सांगा, तिने झोप येते. ओळीने डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. मी पूर्ण दिवस ठेवला होता आणि चेन्नईचं विमान त्यानंतर घेतलं.

धुळ्याचा एक मित्र आता पुढच्या हंगामाला निघालाय. त्याला तरंगायचा सराव आत्ताच सुरू करायला सांगितलंय. मार्चनंतर विहिरी तळ गाठतात.