पहिल्या पेल्याबरोबर जेवण

आमच्या लग्नाला २०२५ च्या ६ जुलैला तीस वर्षे झाली. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने महिनाभर आधीच लोअर परळमधल्या एका उंची बारमध्ये आम्हा दोघांसाठी जागा राखून ठेवली आणि दोन हजार रुपये अनामतही भरली. रात्रीच्या जेवणाचे पाच पदार्थ ठरलेले, माणशी दर ठरलेला, आणि हवी असल्यास त्या पदार्थांशी जुळणारी तीन कॉकटेल्स वेगळ्या ठरलेल्या दरात, अशी तेथील पद्धत होती. आठवडाभर आधी बारमधून तिला फोन आला की, त्या दिवशी आषाढी एकादशी असल्यामुळे ड्राय डे आहे. जेवण मिळेल, पण मद्य मिळणार नाही. मुलगी परगावी राहून पंचांग विसरली हे एक वेळ समजू शकते, पण ज्या घरात दर एकादशीला साबुदाणा भिजतो त्या घरातल्या आम्हा दोघांच्याही ते ध्यानात येऊ नये, याचे मला अजून हसू येते. तारीख एकदाच बदलता येते असे सांगून त्यांनी आम्हाला १२ जुलै, शनिवार, हा दिवस दिला.

एकादशी गेली तरी चातुर्मास लागला होता. माझी पत्नी शाकाहारी आहे आणि या चार महिन्यांत ती कांदा-लसूणही खात नाही. ठरलेल्या जेवणात स्वयंपाकघर माणसे मोजून तयारी करते, त्यामुळे ऐन वेळी बदल मागून चालत नाही. किमान दोन दिवस आधी कळवा, असे मुलीने बजावले होते. मी स्वतः फोन केला. पलीकडच्या माणसाने कांदा-लसणाची नोंद करून अंडे चालेल का, मध चालेल का, पेयातसुद्धा अंडे नको ना, असे एकेक विचारले. पेयात अंडे कशाला असेल, असे मनात म्हणत मी नाही म्हणून टाकले.

उपाहारगृहाच्या नियमांत पुरुषांना बंद बूट सक्तीचे होते. जुलैतल्या मुंबईत ही अट कोणी घातली असेल त्याला एकदा परळ स्थानकाबाहेर उभे केले पाहिजे. मी ठाण्याहून पावसाळी चपला घालून निघालो आणि बूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन इमारतीच्या लिफ्टपाशी एका पायावर उभा राहून बदलले. सुरक्षारक्षकाने ओल्या चपलांची पिशवी न सांगताच आपल्या टेबलाखाली सरकवली, त्यावरून असे करणारा मी पहिला नसावा.

माझा यापूर्वीचा अनुभव परमिट रूमचा. मित्रांबरोबर आठवड्या-पंधरवड्याने ‘बसणे’ हा जो आमच्याकडचा प्रकार आहे, त्याचा क्रम पक्का असतो: आधी व्हिस्की-सोडा, त्याबरोबर शेंगदाणे, काकडी, मसाला पापड, आणि वेटरने ‘लास्ट ऑर्डर’ म्हणून हाक दिली की घाईघाईने मागवलेले जेवण, ज्याची चव दुसऱ्या दिवशी कोणालाही आठवत नाही. पिणे आणि जेवणे ही आमच्या लेखी दोन वेगळी कामे होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि त्यावरूनच परमिट रूम हे नाव आले, एवढे मला ठाऊक होते. पण तेथे इतकी वर्षे बसून पेल्याचा ताटाशी काही संबंध असतो हे मात्र कधी कळले नव्हते.

आम्हाला टेबलाऐवजी बारच्या काउंटरजवळची जागा मिळाली. उंच स्टूल पाहून पत्नी कुजबुजली, “अहो, साडी नेसून यावर चढायचं कसं?” काउंटरमागच्या मुलाने ते ऐकले आणि मराठीतच, “काकू, खाली पाय ठेवायला दांडी आहे,” म्हणून दाखवले. त्यानंतर त्याच्या बोलण्यात ‘मॅडम’ हा शब्द आला नाही. छापील कार्डावर निवड करण्यासारखे काहीच नाही हे पाहून पत्नी म्हणाली, “म्हणजे मामाची खानावळच की.” तिचे मामा याच परिसरात गिरणीत होते. महिन्याचा दर ठरलेला आणि ताटात काय पडेल ते बाईंवर सोपवलेले, अशा खानावळी गिरणगावात घरोघरी बायका चालवत; त्याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कार्डावरचा माणशी साडेतीन हजारांचा आकडा पाहून मामा काय म्हणाले असते, ते मात्र तिने बोलून दाखवले नाही.

पहिले पेय कोकम, जिन आणि सोड्याचे होते. सवयीप्रमाणे मी ते दोन-तीन घोटांत अर्ध्यावर आणले, तेव्हा तो मुलगा म्हणाला, “काका, थोडं ठेवा. पदार्थ येऊ द्या.” पाठोपाठ कागदासारखी पातळ कापून तळलेली अळूवडी आली. तळणीचा तेलकटपणा जिभेवर असताना कोकमाचा आंबटपणा त्यावरून फिरला आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. आपण भज्यांबरोबर चटणी घेतो ती याचसाठी, पण पेल्याकडे मी त्या नजरेने कधी पाहिले नव्हते. पत्नीचे पेय जिनऐवजी ओव्याच्या काढ्याचे होते आणि खरे सांगायचे तर ते माझ्या पेयापेक्षा सरस होते.

दुसरे पेय व्हिस्की, लिंबाचा रस आणि साखरेच्या पाकाचे. त्यात अंड्याचा पांढरा भाग पडला तेव्हा फोनवरचा प्रश्न मला उमगला. त्याने ते मिश्रण आधी बर्फाशिवाय आणि नंतर बर्फ घालून, असे दोनदा घुसळले. पहिल्या घुसळण्याने फेस धरतो, दुसऱ्याने पेय थंड होते आणि बर्फाचे हवे तेवढे पाणी त्यात उतरते. पत्नीच्या बिनमद्याच्या पेल्यात त्याने अंड्याऐवजी शिजवलेल्या काबुली चण्यांचे पाणी घातले. तिच्या पेल्यावरही तसाच दाट पांढरा थर आला. आपण घरी जे पाणी कुकरमधून मोरीत ओततो त्याचा हा उपयोग पाहून ती काही क्षण गप्प झाली, आणि मग तिने त्याला प्रमाण विचारून घेतले.

चौथा पदार्थ फसला. ठेचा घातलेला मऊ भात म्हणून जे आले त्यात ठेच्याचे नाव होते, तिखटपणा नव्हता. ठरलेल्या जेवणाची ही अडचण असते, की नको असलेला पदार्थ बाजूला सारून दुसरा मागवता येत नाही आणि पैसे तर त्याचेही मोजलेले असतात.

शेवटी गोडाबरोबर व्हिस्की आणि गुळाच्या पाकाचे पेय होते. त्यासाठी त्याने करवतीने कापलेला, आरपार दिसणारा बर्फाचा चौकोनी ठोकळा पेल्यात ठेवला. पाणी एकाच बाजूने सावकाश गोठवले की त्यातली हवा शेवटच्या थरात ढकलली जाते आणि तो ढगाळ थर कापून टाकला की स्वच्छ बर्फ उरतो, असे त्याने सांगितले. हे पेय तो घुसळत नव्हता, लांब चमच्याने फिरवत होता. रस किंवा अंडे नसेल तर घुसळून पेय गढूळ करायचे नाही, असा त्यांचा नियम. वरून संत्र्याची साल चिमटीत दाबताच तिच्यातल्या तेलाचा बारीक तुषार दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसला.

बिलात जेवणाचे सात हजार, माझ्या तीन पेयांचे २,४०० आणि पत्नीच्या पेयांचे १,२०० रुपये होते. जेवण आणि बिनमद्याची पेये यांवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४१० रुपये; मद्यावर जीएसटी नसून राज्याचा १० टक्के व्हॅट, म्हणजे २४० रुपये. या व्हॅटसह मद्यावरच्या करवाढीविरुद्ध दोनच दिवसांनी, १४ जुलैला, राज्यातल्या बारचालकांनी बंद पाळला. या सगळ्याखाली न विचारता १,०६० रुपये सेवाशुल्क लावलेले होते. असे शुल्क ग्राहकाच्या मर्जीवर असते, आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. मी शांतपणे तसे म्हटल्यावर व्यवस्थापकाने वाद न घालता नवे बिल आणले. एकूण ११,२५० मधून अनामत वजा करून ९,२५० रुपये भरले आणि एक हजार रुपये रोख त्या मुलाच्या हातात दिले.

पुढच्या पंधरवड्यात आम्ही मित्र नेहमीच्या परमिट रूममध्ये बसलो. पहिल्या पेल्याबरोबरच मी सुरमई तळून आणि त्याबरोबर सोलकढी मागवली, तेव्हा समोरचा मित्र घड्याळाकडे पाहून म्हणाला, “का रे, वहिनींनी लवकर बोलावलंय का?”