साठ हजारांची पुडी

गेल्या वर्षी आईच्या रक्तातील ड जीवनसत्त्व अवघे ९ नॅनोग्रॅम निघाले, तेव्हा घरात कुणाचाच त्या अहवालावर विश्वास बसेना. २०च्या खाली गेले की कमतरता धरतात. अमळनेर तालुक्यातील आमचे गाव. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या या मुलखात उन्हापासून मिळणारे जीवनसत्त्व कमी पडावे, हे पटणारे नव्हते. नीट पाहिले, तर कारण समोरच होते. ज्या अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते, ते सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात; आणि दिवसा कापूस वेचायला जाणाऱ्या आमच्या बायका लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा चढवून, डोळे सोडून सारा चेहरा रुमालाने बांधून घेतात. आईने आयुष्यभर तेच केले. अलीकडे तर तिला जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागत होता.

डॉक्टरांनी ६०,००० एककांच्या पुड्या दिल्या: आठवड्याला एक, अशा आठ आठवडे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून जेवणानंतर सायीच्या दुधातून घ्यायला सांगितले. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० एककांची धरली, तर त्या चिमूटभर दाण्यांत शंभर दिवसांचा साठा असतो. मी दिनदर्शिकेवर आठ रविवारांभोवती लाल गोल काढून ठेवले.

आईची चाल सुधारलेली पाहून मावशीने कुणालाही न विचारता, चिठ्ठीशिवाय, त्याच पुड्या मेडिकलमधून आणल्या आणि अडीच महिने रोज एक घेतली. मध्ये एकदा मी विचारले, तेव्हा "माले बरं वाटस" एवढेच म्हणाली, आणि पुडी रोजची आहे की आठवड्याची, हे मी विचारले नाही. याची खंत मला अजून आहे. पुढे तिला मळमळ, बद्धकोष्ठता, न भागणारी तहान आणि सारखी लघवी सुरू झाली. ऊन लागले असेल म्हणून आम्ही कैरीचे पन्हे देत राहिलो. ती बोलताना भलतेच बरळू लागली, तेव्हा धुळ्याला नेले. ड अति झाल्याने रक्तातील कॅल्शियम फार वाढून १३च्या वर गेले होते आणि मूत्रपिंडांवर ताण आलेला होता. क जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ड मात्र चरबीत साठून राहते. त्यामुळे सलाईनने कॅल्शियम काही दिवसांत उतरले, तरी ड उतरायला कित्येक महिने लागले.

एकदाच मोठे इंजेक्शन घेऊन मोकळे व्हावे, असेही आमच्याकडे पुष्कळजण म्हणतात. त्यांना मी ऑस्ट्रेलियातील अभ्यासाबद्दल सांगते. तिथे सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख एकक दिले गेले. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण उलट जास्त आढळले. उपचारात मात्रेइतकेच दोन मात्रांमधले अंतरही मोलाचे असते, हे मला मावशीच्या दुखण्यानंतर उमगले.

आईची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हा प्रमाण ३४ आले. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती महिन्याला एक पुडी घेते. मावशीच्या घरी उरलेल्या अकरा पुड्या मी घेऊन आले आणि नष्ट केल्या.