कोल्टची जळालेली आर्मरी

अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातून महामार्गाने जाताना कनेक्टिकट नदीच्या बाजूला कांद्याच्या आकाराचा एक निळा घुमट दिसतो. त्यावर सोनेरी तारे आहेत आणि माथ्यावर उधळलेला घोडा. कोल्ट रिव्हॉल्व्हरचा हा प्रसिद्ध कारखाना सॅम्युएल कोल्टने बांधला, असे पाहुण्यांना सर्रास सांगितले जाते. त्याने 1855 साली उभारलेली मूळ इमारत मात्र फेब्रुवारी 1864 मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असताना, आगीत नष्ट झाली, आणि आज उभी आहे ती तिच्या जागी 1867 मध्ये पूर्ण झालेली दुसरी इमारत.

जळालेल्या वास्तूबद्दल मला अधिक हळहळ वाटते, कारण तिथे इमारत आणि यंत्र वेगळे काढता येत नव्हते. पुराच्या पाण्यापासून वाचण्यासाठी कोल्टने आधी नदीकाठी बांध घातला आणि मग सखल कुरणात ही आर्मरी, म्हणजे शस्त्रांचा कारखाना, उभी केली. वाफेच्या इंजिनाची शक्ती लांबच लांब दालनांतून फिरणाऱ्या शाफ्टवर येई, तेथून चामडी पट्ट्यांनी शेकडो यंत्रांना मिळे, आणि एलिशा रूट या असामान्य यंत्रज्ञाने बसवलेल्या या रचनेमुळे पिस्तुलाचे सुटे भाग जवळजवळ एकसारखे निघत. पुढे यंत्रनिर्मितीत नाव कमावलेले फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमॉस व्हिटनी हे दोघेही इथेच काम करून गेले. ज्या मोकळ्या दालनांमुळे काम वेगाने चाले, त्यांनीच आगीला वाट करून दिली; वर्षानुवर्षे यंत्रांचे तेल मुरलेल्या लाकडी जमिनींनी पेट घेतल्यावर ती आवरणे अशक्य झाले. युद्धकाळात जोडलेला नवा भाग वाचला, त्यामुळे सैन्यासाठीच्या रायफलींचे काम पूर्ण थांबले नाही. यादवी युद्धातील विरोधी पक्षाच्या, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांच्या, हस्तकांनी आग लावल्याची अफवा उठली, पण ते कधीच सिद्ध झाले नाही आणि ती पुन्हा पुन्हा सांगणे मला योग्य वाटत नाही.

कोल्ट स्वतः जानेवारी 1862 मध्येच, वयाच्या 47 व्या वर्षी वारला होता. मालकी त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्याकडे आली होती. पतीपाठोपाठ त्याचा कारखानाही गेल्यावर व्यवसाय विकून मोकळे होणे तिला सोपे होते. तिने तो पुन्हा उभारायचे ठरवले, विटांच्या जाड भिंतींचा आणि आगीला शक्य तितका दाद न देणारा, आणि त्यावर घुमट मात्र पहिल्यासारखाच हवा असा आग्रह धरला. नव्या इमारतीच्या आराखड्याचे श्रेय जनरल विल्यम फ्रँकलिन यांना दिले जाते. रूट मात्र 1865 मध्येच गेला. ती पूर्ण झालेली त्याने पाहिली नाही.

2014 साली या कारखान्याच्या परिसरातील कोल्ट्सव्हिल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाला मंजुरी मिळाली, याचा मला आनंद आहे. तिथे कोल्टच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, एलिझाबेथचे नाव घेतले जावे असे मला मनापासून वाटते, कारण लोक ज्या घुमटाकडे बोट दाखवतात तो तिने बांधवून घेतलेला आहे.